रंग सांगणारं साधन: निवड, वापर आणि कपाटातल्या खुणा

नवरात्रात आज कुठला रंग, हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. आपल्या कपाटातला त्या रंगाचा कुर्ता किंवा साडी कुठली, हे मात्र दृष्टी नसलेल्या माणसाला कुणाला तरी विचारावं लागतं. घरात माणसं असली तरी रोज सकाळी पुन्हा पुन्हा विचारणं जिवावर येतं. एकट्या राहणाऱ्याला तर विचारायलाच कुणी नसतं.

काचबिंदूने माझी दृष्टी हळूहळू गेली आणि तेव्हापासून मी रंग सांगणारी साधनं वापरते आहे. ती खूप उपयोगी आहेत. पण त्यांच्याकडून काय मागायचं हे ठाऊक नसेल तर पैसे जातात आणि मनस्ताप राहतो. माझं मत आधीच सांगून टाकते. यंत्राला एका कपड्याबद्दल एकदाच विचारायचं, आणि मिळालेलं उत्तर हाताला लागेल अशा खुणेने त्या कपड्यावर नोंदवून ठेवायचं. रोज सकाळी यंत्र घेऊन कपाटापुढे उभं राहावं लागत असेल, तर काम अर्धवट राहिलं आहे असं समजा. खालच्या पायऱ्या याच विचाराने लावल्या आहेत.

१. रंग कुठे कुठे अडतो ते आधी नोंदवा

मागचा आठवडा आठवा आणि रंगावाचून काय काय अडलं ते फोनमध्ये बोलून ठेवा. यादी केली की लक्षात येतं की यातले सगळे प्रश्न रंगाचे नसतातच.

खोलीतला दिवा चालू राहिला आहे का, गिझरचा लाल दिवा विझला का, हे प्रश्न उजेडाचे आहेत. त्यासाठी उजेड ओळखणारी सोय पुरते. दोन सारख्या डब्यांपैकी कुठला कुठला, याला एका डब्याला रबर बँड लावला की उत्तर मिळतं. नोट किती रुपयांची, हाही रंगाचा प्रश्न समजू नका. १०० रुपयांची नवी नोट लव्हेंडर रंगाची, २०० ची पिवळी, ५०० ची राखाडी, हे खरं. पण १०० ची जुनी नोटही चलनात आहे आणि तिचा रंग वेगळा आहे. शिवाय मळलेल्या नोटेचा रंग यंत्र काहीही सांगू शकतं. नोटांसाठी रिझर्व्ह बँकेचं ‘मणी’ हे मोफत ॲप जानेवारी २०२० पासून उपलब्ध आहे आणि ते इंटरनेटशिवाय चालतं. तेच वापरा.

जे खरोखर रंगाचे प्रश्न उरतात त्यांत बहुतेक कपड्यांचे असतात: काळी पॅंट की नेव्ही ब्लू, या साडीवरचा ब्लाऊज कुठला, मोजे जोडीचे आहेत का, सदऱ्याला डाग पडला आहे का. यातला डागाचा प्रश्न बाजूला काढा. तो कुठलंही रंगयंत्र नीट सोडवत नाही, त्यासाठी डोळस माणूसच लागतो.

जन्मापासून दृष्टी नसेल तर आणखी एक काम याच वेळी करून घ्या. कशावर काय शोभतं, संक्रांतीला काळं का चालतं, कुणाच्या दहाव्याला जाताना भडक का टाळतात, हे एखाद्या विश्वासातल्या डोळस मैत्रिणीकडून किंवा बहिणीकडून एकदा नीट विचारून नोंदवून घ्या. यंत्र रंगाचं नाव सांगतं. तो कुठे शोभेल ते त्याला कळत नाही.

२. यंत्र रंग कसा ओळखतं ते समजून घ्या

ही पायरी गाळू नका. साधनाचं उत्तर विचित्र आलं तर त्याचं कारण इथेच सापडतं.

हातात धरायच्या यंत्राच्या तोंडाशी एक छोटा पांढरा दिवा असतो. तो कपड्यावर उजेड टाकतो. कपड्यावरून परत आलेला उजेड लाल, हिरवा आणि निळा अशा तीन भागांत मोजला जातो. त्या तीन आकड्यांवरून यंत्र आपल्या यादीतलं सर्वांत जवळचं नाव निवडतं आणि बोलतं. म्हणजे नाव हा त्याचा अंदाज असतो, मोजमाप असतात ते आकडे.

यातून तीन गोष्टी निघतात. काळा, नेव्ही ब्लू, गडद तपकिरी आणि बॉटल ग्रीन हे रंग इतका कमी उजेड परत पाठवतात की मोजायला फारसं काही उरत नाही, म्हणून यांच्यात गोंधळ सर्वांत जास्त होतो. दुसरं, तपकिरी हा मुळात गडद नारिंगीच असतो. त्यामुळे यंत्र कधी तपकिरी तर कधी नारिंगी म्हणालं तर ते बिघडलेलं नसतं. तिसरं, यंत्र काही मिलिमीटरच्या वर्तुळाची सरासरी घेतं. लाल-पांढरा बारीक चौकडा असेल तर ते खुशाल गुलाबी सांगेल.

फोनच्या कॅमेऱ्याचं गणित थोडं निराळं आहे. कॅमेरा खोलीतल्या उजेडाचा रंग ओळखून चित्र आपोआप दुरुस्त करत असतो. पिवळ्या बल्बखाली पांढरा सदरा पांढराच दिसावा म्हणून ती सोय आहे. पण पूर्ण चित्रात फक्त लाल कुर्ताच भरला, तर हा लालपणा उजेडाचाच असावा असं समजून कॅमेरा तो कमी करून टाकतो. कॅमेऱ्याला तुलनेसाठी पांढरं काहीतरी दिसावं लागतं. हे पुढे उपयोगी पडेल.

३. फोनपासून सुरुवात करा

स्मार्टफोन असेल तर पहिल्या दिवशी काहीही विकत घेऊ नका. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर, म्हणजे अँड्रॉइडवर टॉकबॅक आणि आयफोनवर व्हॉइसओव्हर, चालवता येत असेल तेवढं पुरे. मराठी आवाज हवा असेल तर अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये टेक्स्ट टू स्पीच या ठिकाणी गुगलचा मराठी आवाज निवडता येतो.

मायक्रोसॉफ्टचं सीइंग एआय हे मोफत ॲप २०१७ मध्ये आयफोनवर आणि डिसेंबर २०२३ मध्ये अँड्रॉइडवर आलं. यात वेगवेगळ्या कामांच्या वेगवेगळ्या वाहिन्या असतात. रंगाची वाहिनी समोरच्या वस्तूचा रंग बोलते. उजेडाची वाहिनी उजेड वाढेल तसा चढत जाणारा सूर ऐकवते. या दोन्ही तुमच्या फोनवरच्या आवृत्तीत आहेत का, ते ॲप उघडून आधी बघा.

बी माय आइज हे डेन्मार्कमध्ये तयार झालेलं ॲप २०१५ पासून चालू आहे आणि तेही मोफत आहे. त्यात व्हिडिओ कॉलवर डोळस स्वयंसेवक मदत करतात. नोंदणी करताना भाषा निवडता येते. २०२३ पासून यात फोटोचं वर्णन करणारी एआयची सोयही आली.

रंगाची वाहिनी, एआय आणि स्वयंसेवक या तिघांच्या उत्तरांचा स्वभाव वेगळा आहे. रंगाची वाहिनी फक्त एका ठिकाणचा रंग सांगते, कपडा कुठला ते तिला माहीत नसतं. एआय पूर्ण चित्र बघून ‘निळा सदरा, बारीक पांढऱ्या रेघा’ असं सांगतं आणि हे फार सोयीचं वाटतं. पण चुकतानाही ते तितक्याच ठामपणे बोलतं, म्हणून महत्त्वाच्या कपड्यासाठी त्याच्या एका उत्तरावर थांबू नका. स्वयंसेवकाला ‘हा कुठला रंग आहे?’ असं विचारण्यापेक्षा ‘हे दोन कपडे एकत्र घातले तर चालतील का?’ किंवा ‘या दोन पॅंटींपैकी काळी कुठली?’ असं विचारा. माणसाला नेमका प्रश्न मिळाला की उत्तर पटकन आणि नेमकं येतं.

एक सावधगिरी बाळगा. कॅमेरा सुरू करण्याआधी पलंगावरची बँकेची कागदपत्रं, औषधांच्या चिठ्ठ्या आणि घरातली माणसं समोर नाहीत याची खात्री करून घ्या.

ॲपच्या बाजारात रंग सांगणारी आणखी बरीच ॲप्स आहेत. पण त्यांतली अनेक चित्रकार आणि डिझायनर यांच्यासाठी असतात. त्यांची बटणं स्क्रीन रीडरला नीट वाचता येत नाहीत आणि मधे जाहिराती येतात. ॲप उतरवलं की सगळी बटणं नावानिशी बोलली जातात का ते आधी तपासा. नसतील तर लगेच काढून टाका.

४. वेगळं यंत्र घ्यायचं का, हे ठरवा

फोनवर काम भागत असेल तर घेऊ नका. पण काही जणांना वेगळं यंत्रच बरं पडतं. स्मार्टफोन जमत नाही असे वयस्कर लोक, शिवणकाम किंवा विणकाम करणारे, इस्त्रीचा व्यवसाय करणारे, आणि रात्री अपुऱ्या उजेडात कपडे काढून ठेवावे लागणारे, अशांना त्याचा फायदा होतो. यंत्राचा उजेड स्वतःचा असतो, त्यामुळे खोलीत अंधार असला तरी उत्तर बदलत नाही. फोनपेक्षा ते इथेच सरस ठरतं.

ऑस्ट्रियातल्या केअरटेक कंपनीची कलरिनो आणि कलरटेस्ट ही दोन यंत्रं जगभर वापरली जातात. कलरिनो लहान आणि सोपं आहे, ते रंग आणि उजेड अशी दोन्ही कामं करतं. कलरटेस्ट जास्त बारकाईने सांगतं, रंग किती गडद आणि किती भडक हेही त्यात कळतं. अशी परदेशी यंत्रं आपल्याकडे येईपर्यंत हजारोंच्या घरात जातात, म्हणून न हाताळता मागवू नका.

विक्रेत्याला पैसे देण्याआधी या गोष्टी विचारून घ्या:

• यंत्र कुठल्या भाषेत बोलतं? परदेशी यंत्रांत इंग्रजी असतं, मराठीची अपेक्षा धरू नका. ‘डार्क’, ‘पेल’, ‘टर्क्वाइज’, ‘मरून’ असे शब्द कानाला सरावाचे नसतील तर सुरुवातीला त्रास होईल.
• सेल कुठले लागतात आणि ते तुमच्या गावात मिळतात का?
• बिघडलं तर दुरुस्ती भारतात होते की परत परदेशी पाठवावं लागतं?
• इयरफोन लावता येतो का? दुकानात किंवा ऑफिसात तो लागतोच.
• पसंत पडलं नाही तर किती दिवसांत परत घेतील?

आमचं यंत्र शेकडो छटा ओळखतं, असं विक्रेते अभिमानाने सांगतात. त्याकडे फार लक्ष देऊ नका. छटांची यादी जितकी लांब, तितकं एकाच कपड्याला दोन वेळा दोन नावं मिळण्याचं प्रमाण जास्त. तुम्हाला काळा आणि नेव्ही ब्लू हमखास वेगळे सांगणारं यंत्र हवं आहे. तेवढी एकच परीक्षा घ्यायची असेल तर हीच घ्या. दोन्ही रंगांचा एकेक कपडा घरून घेऊन जा, आणि विक्रेत्याच्या हातात न देता स्वतः मोजा.

मुंबईत वरळीची नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था १९५२ पासून काम करते आहे. सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी संसाधन केंद्र आहे. पुण्यात पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन आहे. जाण्याआधी फोन करून, रंग ओळखणारं साधन हाताळायला मिळेल का आणि ते वापरणाऱ्या कुणाशी बोलता येईल का, असं विचारा. वापरणाऱ्या माणसाशी झालेलं बोलणं माहितीपत्रकापेक्षा कामाचं असतं.

मराठी बोलणारं यंत्र हवं असेल तर

ओळखीत कुणी इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी असेल तर हा मार्ग मला मनापासून सुचवावासा वाटतो. टीसीएस ३४७२५ नावाचा रंग मोजणारा सेन्सर काही शे रुपयांत मिळतो. त्याला जोडूनच पांढरा दिवा असतो, आणि डोळ्याला न दिसणारे इन्फ्रारेड किरण गाळणारी चाळणीही त्यात असते. तो आर्डुइनो नावाच्या, प्रोग्रॅम भरता येणाऱ्या छोट्या बोर्डाला जोडायचा आणि मेमरी कार्डावरचे आवाज वाजवणारा छोटा एमपी३ बोर्ड लावायचा. रंगांची नावं घरातल्याच कुणाच्या तरी आवाजात रेकॉर्ड करायची: तांबडा, शेंदरी, पोपटी, मोरपंखी, आमसुली, डाळिंबी, विटकरी, राणी.

विद्यार्थ्याला तीन सूचना द्या. सेन्सरभोवती काळी नळी बसव, म्हणजे बाहेरचा उजेड आत जाणार नाही आणि कपड्यापासूनचं अंतर कायम राहील. सुरू करताना पांढऱ्या कागदावर एकदा आणि काळ्या कापडावर एकदा मोजून घेण्याची सोय ठेव. आणि नावं थोडी ठेव, पंधरा-वीस रंग खात्रीने ओळखले तर ते यंत्र रोजच्या वापराला पुरे. अशा प्रकल्पांना कॉलेजात बक्षिसं मिळतात आणि मग ते कपाटात पडून राहतात. म्हणून तुमच्या हातात येईपर्यंत त्याचा पाठपुरावा करा.

५. पैशाची मदत आणि कागदपत्रं

केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून दिव्यांगांना साहित्य मिळतं. कानपूरची अलिम्को ही सरकारी कंपनी त्यासाठी ठिकठिकाणी शिबिरं घेते. दृष्टिहीनांना स्मार्ट केन, ब्रेल साहित्य, स्क्रीन रीडरसह स्मार्टफोन अशा वस्तू या मार्गाने मिळाल्या आहेत. रंगयंत्र यादीत नसलं तरी स्मार्टफोन मिळाला की तिसऱ्या पायरीवरचं सगळं करता येतं. म्हणून शिबिरात स्मार्टफोनबद्दल आवर्जून विचारा.

दुसरा मार्ग जवळचा आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिका यांनी आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. अनेकांना हे माहीत नसतं, आणि मागितल्याशिवाय तो मिळतही नाही. अर्जात ‘रंग ओळखणारं यंत्र’ एवढंच लिहू नका. ते कशासाठी हवं, त्याने तुमचं कुठलं काम स्वतंत्रपणे होईल, हे दोन वाक्यांत लिहा आणि विक्रेत्याचं दरपत्रक जोडा. राज्यात डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे. अर्ज कुठे द्यायचा ते कळत नसेल तर जिल्ह्याच्या समाज कल्याण कार्यालयात विचारा.

जवळ ठेवायची कागदपत्रं: यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), दिव्यांग प्रमाणपत्र, आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी पुरावा, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत आणि पासपोर्ट आकाराचे फोटो. यूडीआयडी नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्या. बहुतेक योजनांना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. सगळ्या कागदांचे फोटो काढून फोनमध्ये एका फोल्डरमध्ये नावं देऊन ठेवा. मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून प्रत्येक पिशवीला ब्रेल किंवा हाताला लागेल अशी खूण करा.

६. कात्रणांचा संच बनवा

साधन हाती आलं की लगेच कपाट उघडू नका. आधी मॅचिंग सेंटरमध्ये जा. साडीवर जुळणारं ब्लाऊजपीस, अस्तर आणि फॉल विकणारी ही दुकानं प्रत्येक गावात असतात. तिथल्या माणसाचा अख्खा दिवस रंग जुळवण्यात जातो. त्याला साध्या, बिनचमकीच्या सुती कापडाचे छोटे तुकडे मागा: पांढरा, काळा, नेव्ही ब्लू, राखाडी, तपकिरी, लाल, मरून, पिवळा, हिरवा, मोरपंखी, जांभळा, गुलाबी. शिंप्याकडच्या कात्रणांतूनही हा संच जमतो.

प्रत्येक तुकड्याला ब्रेलमध्ये किंवा गाठी घालून खूण करा आणि एका तारेच्या कडीत ओवून ठेवा. मग प्रत्येक तुकडा यंत्राला दाखवा आणि ते काय म्हणतं ते नोंदवा. मॅचिंग सेंटरवाला ज्याला मोरपंखी म्हणतो त्याला यंत्र ‘डार्क ग्रीन’ म्हणेल, कदाचित ‘ब्लू’ही म्हणेल. विटकरीला ‘ब्राऊन’ किंवा ‘रेड’ म्हणेल. तुमच्या यंत्राची ही सवय एकदा कळली की पुढे त्याच्या उत्तराचा अर्थ तुम्हाला लावता येतो.

या संचाचा खरा उपयोग गडद रंगांना होतो. पॅंट काळी की नेव्ही ब्लू हे ठरत नसेल तर आधी संचातला काळा तुकडा मोजा, मग नेव्ही ब्लू, मग पॅंट. एकटं उत्तर डळमळीत असतं. ओळखीच्या कापडाशेजारी घेतलेलं उत्तर पुष्कळ विश्वासाचं असतं.

७. मोजण्याची पद्धत

यंत्राने मोजताना कपडा टेबलावर पसरा, सुरकुती काढा आणि पातळ कापडाच्या तीन-चार घड्या घाला. पातळ ओढणी एकेरीच मोजली तर खालच्या टेबलाचा रंग तिच्यात मिसळतो. हातावर ठेवून मोजली तर कातडीचा. यंत्राचं तोंड कापडावर सपाट टेकवा, तिरकं राहून बाजूने उजेड शिरू देऊ नका. तीन वेगवेगळ्या जागी मोजा: खांद्याजवळ, मधे, कडेला. दोन उत्तरं जुळली तर तो रंग धरा. तिन्ही वेगळी आली तर कपडा छापील आहे असं समजा आणि एआय किंवा माणसाला विचारा.

फोनने मोजताना दिवसा खिडकीजवळ बसा, थेट ऊन मात्र नको. रंगीत पडदा असेल तर बाजूला सारा, कारण त्याच्यातून येणारा उजेड रंगीत असतो. कपड्याशेजारी एक पांढरा कागद ठेवा, म्हणजे कॅमेऱ्याला तुलना मिळते. फोन वीतभर वर धरा. रात्री मोजावंच लागलं तर फोनचा टॉर्च लावा, पण फोन जरासा तिरका धरा, नाहीतर चमक परत येऊन रंग फिका ऐकू येतो.

यंत्राच्या तोंडाची काच आणि कॅमेऱ्याचं भिंग आठवड्यातून एकदा मऊ कापडाने पुसा. सेल उतरायला लागले की दिवा मंद होतो आणि रंग गडद ऐकू येऊ लागतात. ओळखीचा पांढरा तुकडा राखाडी म्हणून बोलला गेला की सेल बदला.

८. कुठले कपडे फसवतात

पैठणी आणि इतर धूपछाँव रेशमात ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा असतो. यंत्र थोडं फिरवलं की उत्तर बदलतं. हा यंत्राचा दोष नाही, डोळस माणसालाही ती साडी हलताना दोन रंगांची दिसते. अशा साडीची नोंद दोन्ही रंगांनी करा. जरीचा काठ आणि पदर मोजूच नका. जर आरशासारखी चमकते आणि यंत्र पिवळ्यापासून राखाडीपर्यंत काहीही सांगतं. इरकलीचा काठ अंगापेक्षा वेगळ्या रंगाचा असतो, म्हणून काठ आणि अंग वेगवेगळं मोजून दोन्ही नोंदवा.

मखमल आणि कॉर्डरॉय यांची लव उजेड गिळते. लव एका दिशेने हाताने बसवून मगच मोजा, तरीही रंग खऱ्यापेक्षा गडदच ऐकू येईल. नीळ घातलेला पांढरा सदरा फिकट निळसर निघू शकतो. ओला कपडा कोरड्यापेक्षा गडद वाटतो, त्यामुळे दोरीवरच्या कपड्यांवर काहीही ठरवू नका. कलमकारी, बाटिक, छापील सुती यांत जमिनीचा रंग कुठला आणि नक्षीचा कुठला हे यंत्राला सांगता येत नाही. तिथे सरळ माणसाची मदत घ्या, एकदाच घ्यायची आहे.

९. खूण करा

मिळालेलं उत्तर कपड्यावर उतरवा. सर्वांत स्वस्त मार्ग सुई-दोऱ्याचा. लेबलाजवळ आतल्या बाजूला टाके घालून छोट्या गाठी बनवा आणि गाठींची संख्या ठरवून ठेवा. उदाहरणार्थ काळ्याला एक, नेव्ही ब्लूला दोन, तपकिरीला तीन. प्रत्येक रंगाला खूण द्यायचा मोह टाळा. हाताला सारख्या लागणाऱ्या कपड्यांपुरतीच खूण ठेवा. तुमचा खादीचा पिवळा कुर्ता हाताने ओळखू येत असेल तर त्याला खूण कशाला?

जागा मात्र पक्की ठरवा. सदरा आणि कुर्त्याला मानेच्या मागे आतून, पॅंटला कमरेच्या पट्टीत आतून डावीकडे, साडीला नेसताना आत खोचायच्या टोकाला. धुणं दुसरं कुणी करत असेल तर त्यांना या गाठी कशासाठी आहेत ते सांगून ठेवा, नाहीतर सुटलेला दोरा समजून कापल्या जातात.

साडीसाठी तर खुणेपेक्षाही सोपी सोय आहे. साडी, तिचा ब्लाऊज आणि परकर एकाच साडी कव्हरमध्ये ठेवायचे आणि धुऊन आले की परत तिथेच जायला हवेत. मोज्यांच्या जोड्या काढतानाच सेफ्टी पिनेने एकमेकांना अडकवा आणि तशाच धुवायला टाका.

जास्त माहिती साठवायची असेल तर बोलणारी लेबलं आहेत. ब्रिटनमधल्या दृष्टिहीनांसाठी काम करणाऱ्या आरएनआयबी संस्थेचं पेनफ्रेंड हे पेनसारखं यंत्र लेबलाला टेकवलं की तुमच्याच आवाजातली नोंद ऐकवतं. एनएफसी (जवळ टेकवलेला बिल्ला वाचायची सोय) असलेल्या फोनवर धुता येण्याजोग्या एनएफसी बिल्ल्यांनी जवळपास हेच काम होतं. बिल्ले घेताना ते गरम इस्त्री सहन करतात का ते विचारा. नोंदीत नुसता रंग न बोलता ‘आमसुली कुर्ता, बदामी सलवारीवर जातो’ असं पूर्ण बोला.

१०. जिथे रंगयंत्रावर अवलंबून राहू नये

विजेच्या वायरी रंगावरून ओळखू नका. लाल, काळी, हिरवी हे यंत्राने बरोबर सांगितलं तरी ती जोडणाऱ्याने योग्य जागी जोडली आहे याची खात्री यंत्र देत नाही. गोळ्या रंगावरून घेऊ नका. कंपनी बदलली की त्याच औषधाचा रंग बदलतो, म्हणून औषधांच्या पाकिटांवर खूण करा. लघवी किंवा साखर तपासायच्या रंग बदलणाऱ्या पट्ट्या यंत्राने वाचू नका. साखरेसाठी बोलणारे ग्लुकोमीटर मिळतात. तव्यावरची भाकरी, तळणीतली पुरी यांच्याजवळ यंत्र नेऊ नका. तिथे वास, आवाज आणि सवय जास्त खरी असते. फळांचंही तसंच आहे, पिकलेला आंबा नाकाला आणि अंगठ्याला यंत्राआधी कळतो.

नवीन कपडा घरी आला की पहिल्या धुण्याआधी मोजा आणि खूण करा. दुकानातच विकणाऱ्याला रंग विचारून फोनमध्ये बोलून ठेवलात तर घरी पडताळायला सोपं जातं. रंग उतरणारे कपडे, विशेषतः काळे सुती, वर्षातून एकदा पुन्हा मोजा. काळ्याचा राखाडी झाला असेल तर तो कपडा ऑफिसच्या खणातून घरच्या वापरात टाका आणि त्याची गाठ उसवून बदला.